कडेवरची ताटं : पां. वा. सुखात्मे यांच्या कारकिर्दीतला एकच प्रश्न

गव्हाच्या उभ्या पिकात खुंट्या ठोकून दोरी ताणली की काही ताटं नेमकी दोरीवर येतात. बुडखा बाहेर, ओंबी आत. किंवा बुडखा निम्मा आत, निम्मा बाहेर. विळा घेतलेला माणूस क्षणभर थबकतो आणि बहुतेक वेळा ते ताट आत धरून कापतो. भरलेली ओंबी समोर दिसत असताना ती सोडून देणं जिवावर येतं. या एका सवयीमुळे जिल्ह्याच्या गव्हाचा आकडा किती फुगतो, हे मोजून दाखवणारा माणूस सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा होता : पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्म्यांची ओळख बहुधा दोन तुकड्यांत होते. आधी शेतीचे संख्याशास्त्रज्ञ, मग आहाराचे. अनेक वर्षं मीही त्यांच्याकडे तसंच पाहत होतो. पण त्यांचं काम सलग वाचलं तेव्हा दोन्हीकडे एकच प्रश्न दिसला : रेषा आखल्यावर रेषेवर किंवा रेषेजवळ जे येतात, त्यांना कुठे मोजायचं? शेतात हा प्रश्न ताटांचा होता, आहारात माणसांचा. शेतातलं त्यांचं उत्तर टिकलं. आहारातलं निम्मं टिकलं, निम्म्यावर अजून वाद आहे. हे प्रकरण मी त्या प्रश्नाच्या मागोव्याने मांडतो आहे, म्हणून त्यांचं संपूर्ण चरित्र इथे नाही.

आणेवारी आणि नमुना

जन्म २७ जुलै १९११. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली पदवी. १९३३ ते १९३६ लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. तो काळ त्या कॉलेजात असण्याचाच होता. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन हे संख्याशास्त्रातले तिघंही दिग्गज तिथे. नेमन यांचा नमुना पाहणीवरचा पायाभूत निबंध १९३४ सालचा, आणि त्याच धाग्यावर सुखात्म्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध लगेच १९३५ साली आला. नेमन यांचं सूत्र थोडक्यात असं : लोकसंख्येचे थर पाडले तर ज्या थरात चढउतार जास्त, तिथून जास्त नमुने घ्यावेत. पण चढउतार किती आहेत हे आधी माहीत असावं लागतं, आणि प्रत्यक्षात ते नसतं. सुखात्म्यांनी विचारलं : आधी एक लहान पाहणी करून त्यावरून हे चढउतार अंदाजले, तर सूत्राचा फायदा उरतो की जातो? विशीतल्या विद्यार्थ्याचा हा प्रश्न पुढच्या सगळ्या कामाची दिशा सांगतो. सूत्र कागदावर बरोबर आहे, आता ते माणसांच्या हातात गेल्यावर काय होतं ते पाहू.

१९३६ साली पीएच.डी., १९३९ साली डी.एस्सी. थोडा काळ कलकत्त्याच्या आरोग्यविषयक संस्थेत अध्यापन, आणि १९४० साली दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ. तिथला त्यांचा विभाग वाढत वाढत पुढे शेतीच्या संख्याशास्त्राची स्वतंत्र संस्था बनला.

त्या वेळी देशात धान्य किती पिकतं याचा आकडा आणेवारीवरून निघत असे. आपल्याकडे हा शब्द पैसेवारी होऊन अजून जिवंत आहे, त्यामुळे पद्धत सांगायला फार शब्द लागत नाहीत. त्या भागाचं ‘सर्वसाधारण’ उत्पन्न ठरलेलं, आणि यंदाचं पीक त्याच्या किती आणे, हे गावपातळीवरचा माणूस नजरेने सांगणार. क्षेत्र गुणिले सर्वसाधारण उत्पन्न गुणिले आणे, झाला आकडा. यात दोन अडचणी होत्या. ‘सर्वसाधारण’ म्हणजे काय हे वर्षानुवर्षं तपासलंच जात नसे. आणि आणेवारी कमी लागली तर शेतसाऱ्यात सूट मिळत असल्यामुळे तो आकडा कोणाच्याच दृष्टीने निव्वळ मोजमाप नव्हता. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, आणि धान्याच्या साठ्याचे व उत्पादनाचे आकडे किती भुसभुशीत पायावर उभे आहेत ते सगळ्यांसमोर आलं. रेशन किती द्यायचं, कुठून कुठे धान्य हलवायचं, हे ठरवायला नजरेचा आकडा चालणार नव्हता.

सुखात्म्यांची योजना पीक कापणी प्रयोगांची होती. कापून, मळून, वजन करायचं, पण कुठे कापायचं हे माणसाने ठरवायचं नाही. जिल्ह्याचे तालुकावार थर, त्यातून चिठ्ठीने गावं, गावातून चिठ्ठीने शेतं, शेतात चिठ्ठीनेच जागा. आजही प्रयोगाला आलेला कर्मचारी शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून यादृच्छिक आकड्यांइतकी पावलं चालत जातो आणि जिथे पोचेल तिथे खुंटी ठोकतो. तिथे पीक पातळ असलं तरी जागा बदलायची नाही. आणि कापणी कोण करणार? महसूल आणि कृषी खात्याचे आधीपासून गावात असलेले कर्मचारी. हा शेवटचा निर्णय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचा सगळा वाद त्यातून आला.

दोन हुशार माणसं, दोन बरोबर उत्तरं

कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस तेव्हा भारतीय सांख्यिकी संस्थेत मोठ्या नमुना पाहण्या चालवत होते. बंगालच्या तागाच्या पाहणीपासून सुरुवात झालेली. महालनोबीस यांचा मार्ग : लहान कापणी, पण पुष्कळ ठिकाणी. दोन-चार फूट त्रिज्येचं वर्तुळ, आणि त्यासाठी खास शिकवून तयार केलेली माणसं.

संख्याशास्त्राच्या बाजूने हे अगदी रास्त होतं. एका गावातल्या दोन शेतांत जेवढा फरक असतो, तेवढा एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत नसतो. मग एकाच शेतात मोठा तुकडा कापून नवी माहिती फारशी मिळत नाही. तोच वेळ चार वेगळ्या शेतांत लहान तुकडे कापण्यात घालवला तर सरासरी जास्त पक्की होते. पाहणीच्या खर्चाचा आणि चढउतारांचा हिशेब मांडला तर उत्तर लहान प्लॉटच्याच बाजूने जातं. महालनोबीस यांनी हा हिशेब ज्या बारकाईने केला, तो आजही वाचण्यासारखा आहे.

सुखात्म्यांनी त्या हिशेबाला आव्हान दिलं नाही. त्यांनी कडेकडे पाहिलं.

इथे थोडं गणित करू, कारण त्याशिवाय या वादाचं मर्म हाती लागत नाही. समजा कापणारा माणूस संशयातली ताटं आत घेतो आणि त्यामुळे कड सरासरी तीन इंच बाहेर सरकते. तीन इंच म्हणजे चार बोटं. ३३ फूट बाजूचा समभुज त्रिकोण घ्या : क्षेत्रफळ सुमारे ४७१.५ चौरस फूट, परिघ ९९ फूट. चार बोटांच्या पट्टीने त्यात सुमारे २५ चौरस फूट वाढतात, म्हणजे ५ टक्के. बाजू निम्मी, साडेसोळा फूट केली तर ११ टक्के. ३ फूट त्रिज्येच्या वर्तुळात १७ टक्के. आणि २ फूट त्रिज्येच्या वर्तुळात जवळपास २७ टक्के. हात तोच, सवय तीच, चूक पाचपट. कारण सरळ आहे. आकार लहान होतो तसं क्षेत्रफळ झपाट्याने घटतं, कड तितक्या झपाट्याने घटत नाही. लहान वर्तुळात जवळजवळ सगळीच ताटं कडेची असतात.

त्यात गुणाकाराची भर. २ फूट त्रिज्येचं वर्तुळ साडेबारा चौरस फुटांचं. एका एकरात तशी सुमारे ३४६६ वर्तुळं बसतात. त्या वर्तुळात १० ग्रॅम धान्य जास्तीचं आलं तर एकरी ३५ किलो वाढले. मोठ्या त्रिकोणात तेच १० ग्रॅम एकरी एक किलोसुद्धा भरत नाहीत.

सुखात्मे अशा कागदी हिशेबावर थांबले नाहीत. मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांत त्यांनी वेगवेगळ्या आकारांचे प्लॉट घेऊन पाहिले : ३३ फुटांचा त्रिकोण, साडेसोळा फुटांचा, सव्वाआठ फुटांचा, ३ फूट आणि २ फूट त्रिज्येची वर्तुळं. प्लॉट लहान होत गेला तसा एकरी उतारा चढत गेला, आणि सर्वांत लहान वर्तुळात तो ४० टक्क्यांहून जास्त फुगला. उलटा हिशेब केला तर एवढ्या चुकीसाठी कड फक्त साडेचार इंच बाहेर जावी लागते. कोणी मुद्दाम लबाडी करण्याची गरज नाही. दोरी किंवा पट्टी ताटांना रेटून जरा वाकडी झाली, वाऱ्याने कललेल्या चार ओंब्या आत आल्या, दोन शंकेची ताटं घेतली, की साडेचार इंच होतात. हे निष्कर्ष १९४६ साली ‘नेचर’मध्ये टिपणाच्या रूपात आले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात सविस्तर.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. पाहणीत दोन जातींच्या चुका असतात. एक दैवाची : चिठ्ठीत चांगलीच शेतं निघाली, किंवा वाईटच. ती नमुना वाढवला की घटते. शंभर प्रयोगांऐवजी दहा हजार केले तर ती दहाव्या हिश्श्यावर येते. दुसरी एकाच बाजूला झुकणारी. प्रत्येक कापणीत सत्तावीस टक्के जास्त येत असतील तर दहा हजार कापण्यांची सरासरीही सत्तावीस टक्के जास्तच येईल. उलट दैवाची चूक घटल्यामुळे तो चुकीचा आकडा फार खात्रीचा दिसू लागेल. महालनोबीस पहिल्या चुकीशी झुंजत होते आणि जिंकत होते. सुखात्म्यांनी दाखवलं की त्या विजयाची किंमत दुसऱ्या चुकीत मोजावी लागते.

महालनोबीस यांना कडेची चूक माहीत नव्हती असं मुळीच नाही. लहान कापण्यांत उतारा चढा येतो हे त्यांच्या पाहण्यांतही दिसलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की शिकवलेला, देखरेखीखालचा कर्मचारी आणि नीट उपकरण असेल तर ही चूक आवाक्यात ठेवता येते. मला हे उत्तरही पटतं. एका संस्थेच्या हाताखाली निवडक माणसं असतील तर ते शक्य आहे. पण सुखात्म्यांसमोर देशभरातले तलाठी आणि कृषी सहायक होते, ज्यांना हे काम इतर दहा कामांच्या जोडीने करायचं होतं. पद्धत त्यांच्या हाताला झेपणारी हवी होती. म्हणून मी या दोघांच्या वादात कोण बरोबर हे विचारत नाही. कोणाच्या हातून कापणी होणार, हे विचारलं की कोणती पद्धत कुठे चालेल ते कळतं. भारताच्या सरकारी पिकांच्या आकडेवारीसाठी मोठा प्लॉट आणि खात्याचा कर्मचारी हीच पद्धत पुढे रुळली, आणि माझ्या मते तो निर्णय योग्य होता.

या वादाच्या खुणा अजून जमिनीवर आहेत. बहुतेक राज्यांत तृणधान्यांसाठी ५ मीटर बाय ५ मीटरचा चौरस प्लॉट चालतो. उत्तर प्रदेशात मात्र १० मीटर बाजूचा समभुज त्रिकोण, आणि पश्चिम बंगालात १.७१४५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. ३३ फूट म्हणजे १० मीटरला जेमतेम काही बोटं जास्त. मुरादाबादचा त्रिकोण मेट्रिक मापात तसाच राहिलेला दिसतो. बंगालच्या वर्तुळाची त्रिज्या पाच फूट साडेसात इंच भरते. चार बोटांची तीच पट्टी लावली तर ५ मीटरच्या चौरसात ६ टक्के चूक येते, बंगालच्या वर्तुळात ९ टक्के. फरक उरलेला आहे, पण २७ टक्क्यांचा धोका दोघांनीही मागे टाकला. आज पीक विम्याची भरपाई मुख्यतः याच प्रयोगांच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, तेव्हा या टक्क्यांचा अर्थ आणखी थेट झाला आहे. उतारा फुगून आला तर नुकसान दिसतच नाही, आणि विमा उतरवलेल्या शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही.

रोम

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुखात्मे रोममध्ये मुख्यालय असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जवळपास दोन दशकं तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिले. १९५४ साली त्यांचं नमुना पाहणीवरचं पाठ्यपुस्तक आलं, जे अनेक देशांच्या विद्यार्थ्यांनी वापरलं. पण रोममध्ये त्यांच्यासमोर आलेला प्रश्न पिकाचा नव्हता. जगात उपाशी किती?

तेव्हा जगातले दोन-तृतीयांश लोक उपाशी आहेत अशी विधानं मोठमोठ्या व्यासपीठांवरून होत होती. ती कुठून येत? देशाचा सरासरी आहार आणि सरासरी गरज यांची तुलना करून. सरासरी आहार कमी पडला की तो अख्खा देश उपाशांच्या खात्यात. सुखात्म्यांना यात पुन्हा कडेचाच घोटाळा दिसला.

त्यांचा युक्तिवाद असा. माणसांची गरज सारखी नसते. वय, लिंग, वजन आणि काम तेच असलं तरी एकाला कमी लागतं, दुसऱ्याला जास्त. समजा शंभर माणसं आहेत, सगळी निरोगी, आणि प्रत्येक जण स्वतःला लागतं तेवढंच खातो. कोणीही उपाशी नाही. आता सरासरी गरजेवर रेषा मारा. सुमारे पन्नास जण रेषेखाली जातील आणि आपण जाहीर करू की निम्मे उपाशी आहेत. सरासरी ही रेषा म्हणून वापरता येत नाही, ती खाली घ्यावी लागते. किती खाली? जिथे निरोगी माणूस सहसा सापडणार नाही इतकी. सरासरीतून प्रमाण विचलनाची (गरजा सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याच्या मापाची) दुप्पट वजा केली तर निरोगी शंभरातले दोन-तीनच तिच्याखाली राहतात. शेतातला हिशेब आठवा : शंकेचं ताट आत घेतलं की उतारा फुगतो. इथे शंकेचा माणूस उपाशी धरला की भुकेचा आकडा फुगतो.

१९६१ साली त्यांनी हा निबंध लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडला. जगातले १० ते १५ टक्के लोक उपाशी, म्हणजे पुरेसे उष्मांक न मिळणारे. आणि कुपोषण धरलं तर तिसरा ते निम्मा हिस्सा. सोसायटीने पुढे त्यांना ‘गाय’ (Guy) पदक दिलं. अन्न व कृषी संघटना आज दरवर्षी जगातल्या अल्पपोषितांचा जो आकडा जाहीर करते, त्याची मांडणी मुळात याच निबंधातली आहे.

प्रथिनांच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मला त्यांच्या आहारविषयक कामातलं सर्वांत भक्कम वाटतं. १९६० च्या दशकात जगापुढे प्रथिनांचं संकट आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर मानलं जात होतं. माशांची भुकटी, खास पिठं, अशा योजना आखल्या जात होत्या. सुखात्म्यांनी प्रथिनांचा आणि उष्मांकांचा तुटवडा वेगवेगळा न मोजता एकाच माणसाच्या बाबतीत जोडीने मोजला. ज्यांना प्रथिनं कमी पडत होती, त्यांतल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडत होतं. पोळी-वरण किंवा भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातच भागते; अन्न कमी पडलं तर शरीर प्रथिनंही सरपणासारखी जाळतं. दोन स्वतंत्र सरासऱ्या पाहणाऱ्याला हे दिसणं शक्य नव्हतं. पुढच्या काही वर्षांत प्रथिन-संकटाची कल्पना मागे पडली, त्यात त्यांच्या या मांडणीचा वाटा मोठा आहे.

पुणे

१९७१ साली पद्मभूषण मिळालं. रोमची नोकरी संपवून सुखात्मे पुण्याला परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. त्याच वर्षी गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दररोज माणशी २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही दांडेकर-रथ यांची रेषा. १९६०-६१ साली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक त्याखाली होते.

सुखात्म्यांचा आक्षेप ओळखीचा होता : २२५० ही सरासरी आहे. रेषा खाली घ्या. पण या वेळी ते एक पाऊल पुढे गेले, आणि तिथून मी त्यांच्याबरोबर पूर्णपणे चालू शकत नाही.

त्यांचं नवं म्हणणं असं की गरज माणसामाणसांत बदलते इतकंच नाही, तर एकाच माणसाची गरज आठवड्याआठवड्याला बदलते. शरीर आहार कमी झाला की ऊर्जा जपून वापरतं, वाढला की सैल सोडतं. अमेरिकेतल्या बर्कलेचे पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी हे गृहीतक मांडलं. पुरावा काळानुसार घेतलेल्या मोजमापांचा होता. रोजचे चढउतार एकमेकांपासून स्वतंत्र असते तर सात दिवसांच्या सरासरीत ते सात या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे २.६ पटीने, कमी व्हायला हवेत. तितके ते कमी होत नव्हते. आजचा आकडा कालच्या आकड्याला धरून चालत होता. यातून सुखात्म्यांनी निष्कर्ष काढला की शरीर आतून नियमन करत आहे, आणि सरासरीच्या बऱ्याच खाली गेलेला माणूसही समतोलात असू शकतो.

हा संख्याशास्त्राचा सुंदर उपयोग आहे. पण आजचा दिवस कालच्यासारखा असण्याला दुसरी कारणंही असतात. कामाचा आठवडा, सुट्टी, पगाराचा दिवस, आजारपण. आणि मुख्य अडचण पुढची आहे. माणूस सरासरीभोवती खालीवर होतो, तेव्हा तो अधूनमधून खालच्या टोकाला जातो आणि परत वर येतो. गरीब माणूस त्या टोकाला जातो आणि तिथेच राहतो, कारण वर यायला पैसे नाहीत. पहिल्या माणसाच्या मोजमापातून दुसऱ्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

हिशेबाचीही एक बाजू आहे, आणि गंमत म्हणजे ती सुखात्म्यांच्याच शिकवणीतून निघते. उदाहरणापुरतं, सरासरी २२५० आणि प्रमाण विचलन १५ टक्के धरू. दुप्पट वजा केलं की रेषा १५७५ वर येते. पण राष्ट्रीय नमुना पाहणीत आहार माणसाचा नोंदला जात नाही, कुटुंबाचा नोंदला जातो. पाच माणसांच्या कुटुंबात एकाची गरज कमी, दुसऱ्याची जास्त, असं काही अंशी एकमेकांत मिटतं. ती स्वतंत्र धरली तर कुटुंबाच्या सरासरीचं विचलन पाचाच्या वर्गमुळाने भागलं जाऊन ६.७ टक्क्यांवर येतं, आणि रेषा साधारण १९५० वर थांबते. १५७५ आणि १९५० यांच्या मधल्या पट्टीत किती कुटुंबं असतील! पट्टी तीन इंचांची की साडेचार, यावरून मुरादाबादेत जे झालं, तेच इथे माणसांच्या बाबतीत होतं.

दांडेकर गप्प बसणारे नव्हते. १९८१-८२ मध्ये त्यांनी सुखात्म्यांच्या गृहीतकावर सविस्तर टीका केली. पुण्याच्या एकाच परिसरातल्या दोन संस्थांत बसून दोन मराठी विद्वान देशातल्या भुकेल्यांची संख्या कशी मोजावी यावर भांडत होते, आणि त्या वादाकडे देशाबाहेरच्या अभ्यासकांचंही लक्ष होतं. पोषणशास्त्रातूनही विरोध झाला. कमी आहाराशी शरीर जुळवून घेतं हे खरं धरलं, तरी ते फुकट घेत नाही. मुलाची वाढ खुंटते, मजुराचं काम मंदावतं, ही त्याची किंमत असते, असा डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्यांचा मुद्दा होता. १९८२ साली सुखात्म्यांनीच संपादित केलेल्या एका संग्रहात अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना मांडली, तेव्हा हा विरोध आणखी धारदार झाला. तो धारदार होणं योग्यच होतं असं मला वाटतं. खुरटलेल्या मुलाला निरोगी म्हणण्याआधी त्याच्या खुरटण्याचं कारण शोधलं पाहिजे.

तरीही त्यांचा हेतू मला शंकेचा वाटत नाही. भुकेचा आकडा कमी दाखवून सरकारला सोडवावं, असा त्यांचा विचार दिसत नाही. पोटात गेलेलं अन्न अंगी का लागत नाही, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांना दूषित पाण्यात, जंतांत, हगवणीत दिसत होतं. खेड्यापाड्यांत स्वच्छ पाणी आणि संडास यांवर खर्च करा, हे ते सातत्याने सांगत राहिले. मुलांच्या खुरटण्यामागे घाण पाण्याचा हात किती, यावर आज जे संशोधन चालू आहे, ते त्या रस्त्याने जाणारं आहे. पुण्यात कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण देणारं इंदिरा कम्युनिटी किचन उभं करण्यातही ते होते. २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यातच त्यांचं निधन झालं.

रेषा आज कुठे आहे

देशातल्या दारिद्र्यरेषेचं उष्मांकांशी असलेलं नातं नंतर सैल झालं. १९७९ साली ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० उष्मांक ठरले होते. २००९ साली तेंडुलकर समितीने रेषा उष्मांकांना बांधणं सोडून दिलं. २०१४ साली रंगराजन समितीने २१५५ आणि २०९० हे आकडे पुन्हा आत आणले. तिन्ही वेळा रेषा सरासरी गरजेपासून किती दूर असावी, हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात आलाच.

अन्न व कृषी संघटनेने मात्र सुखात्म्यांच्या युक्तिवादाचा एक भाग ठेवला आणि एक सोडला. रेषा सरासरीवर नको, खाली हवी, हा भाग ठेवला. ती खाली नेण्यासाठी एकाच माणसाच्या आठवड्याआठवड्याच्या चढउतारांचा आधार मात्र घेतला नाही. त्याऐवजी उंचीच्या मानाने किमान चालेल इतकं वजन आणि हलकं काम, एवढ्याला लागणारे उष्मांक ही किमान गरज धरली जाते. याच्याही खाली जो आहे तो नक्कीच अल्पपोषित, असा त्यामागचा विचार आहे. खात्रीचे तेवढेच मोजायचे, शंकेचे बाहेर ठेवायचे.

यात जड काम करणारे निसटतात. दिवसभर उन्हात वाकून विळा चालवणाऱ्या, पेंढ्या बांधून मळणीच्या जागेपर्यंत वाहून नेणाऱ्या मजुराला हलक्या कामापेक्षा कितीतरी जास्त उष्मांक लागतात. त्याला हलक्या कामापुरतं अन्न मिळालं, तर तो रेषेच्या वर मोजला जातो.